घरच्या लेथला सीएनसी अटॅचमेंट लावावी का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरी शेडमध्ये, गॅरेजमध्ये नाहीतर जिन्याखाली छोटा लेथ टाकून बसलेली मंडळी सीएनसीबद्दल, म्हणजे प्रोग्रॅमवर आपोआप चालणाऱ्या मशीनबद्दल, हे प्रश्न सारखे पाठवत असतात, कुणी नोकरी सांभाळून हौस म्हणून करतंय, कुणी रिटायर होऊन, कुणी घरबसल्या थोडं जॉबवर्क काढतंय. एकच गोष्ट दहा वेळा टाइप करायचा कंटाळा आला म्हणून सगळं एका जागी लिहिलंय. प्रश्नांना नंबर टाकलेत कारण उत्तरं एकमेकांत अडकलेली आहेत, जिथे दुसरीकडे बघा म्हटलंय तिथे खरंच बघा.

१. सीएनसी अटॅचमेंट म्हणजे नेमकं काय येतं? लेथ तोच राहतो का?

लेथ तोच. बेड, हेडस्टॉक, चक, टेलस्टॉक सगळं तुमचंच. फक्त सॅडल (बेडवर लांबीने सरकणारा भाग) आणि क्रॉस स्लाइड (त्यावर आडवी सरकणारी) हाताने फिरवायच्या ऐवजी मोटर फिरवते आणि मोटरला कंट्रोलर सांगतो किती फिरायचं. लांबीच्या दिशेला झेड म्हणतात, व्यासाच्या दिशेला एक्स.

बाजारात या एकाच नावाखाली तीन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात आणि निम्मा गोंधळ तिथेच होतो. पहिली म्हणजे आहे त्याच स्क्रूला ब्रॅकेट लावून स्टेपर मोटर (ठरलेल्या छोट्या पायऱ्यांनी फिरणारी) जोडणं. दुसरी, जुने स्क्रू काढून बॉलस्क्रू (नटात छर्रे असलेला, जवळपास प्ले नसलेला स्क्रू) टाकणं, हे खरं कन्व्हर्जन, याला वेळ आणि मशिनिंग दोन्ही लागतं. तिसरी, कंपाउंड स्लाइड काढून त्या जागी बसवायची छोटी दोन अॅक्सिसची स्लाइड, हिचा ट्रॅव्हल कमी असतो पण लेथला हात लावावा लागत नाही, काम झालं की उतरवून ठेवता येते. कुणी 'अटॅचमेंट आहे, घेऊ का' विचारलं की आधी यातली कुठली ते बघा, भाव आणि उपयोग दोन्ही त्यावर ठरतं.

२. दादा फिरवून फिरवून नको, घ्यावी की नाही ते सरळ सांगा.

एकच जॉब परत परत करत असाल, किंवा टेपर, गोलाई, रेडियस, वेगवेगळ्या पिचचे आटे असं काम असेल तर घ्या. रोज नवा जॉब, एक नग, दोन नग, रिपेअरिंग, असं असेल तर नका घेऊ, त्या पैशात डीआरओ (स्लाइडची जागा आकड्यात दाखवणारा डिजिटल रीडआउट) नाहीतर इलेक्ट्रॉनिक लीडस्क्रू टाका (प्रश्न ९). आणि तुमचा लेथ ढिला असेल तर दोन्ही सोडा, आधी लेथ नीट करा (प्रश्न ३).

माझं मत विचाराल तर घरगुती शॉपमधल्या बहुतेकांना पूर्ण सीएनसीची गरज नसते, त्यांना हवं असतं ते चेंज गिअर न बदलता आटे पाडणं आणि डायल न मोजता व्यास मिळणं. या दोन्हीला सीएनसी लागत नाही. पण ज्याला कन्व्हर्जन करायचीच मजा आहे त्याला मी कशाला अडवू, हौसेला मोल नसतं.

३. माझा लेथ जुना आहे, सेकंडहँड घेतलेला. चालेल का? काय तपासू?

जुना असणं वाईट नाही. जुना किर्लोस्कर किंवा एचएमटी नीट वापरलेला असेल तर नव्या हलक्या मशीनपेक्षा कधीही बरा. बिघडतं ते झिजेमुळे, आणि झीज सगळीकडे सारखी नसते, चकाजवळच्या फूटभर बेडवर सगळ्यात जास्त काम झालेलं असतं म्हणून तिथे बेड खाल्लेला आणि टेलस्टॉककडे अगदी कोरा.

हे एका संध्याकाळी तपासता येतं. जिब पट्टी टाइट करून सॅडल चकाजवळ मोकळं चालेल असं सेट करा, मग तेच सॅडल टेलस्टॉककडे न्या, तिकडे जाम व्हायला लागलं तर बेड झिजलाय. स्पिंडलच्या टेपरच्या आत डायल लावून हाताने फिरवा, रनआउट (फिरताना किती डुलतो) तिथे बघायचा, चकात धरलेल्या रॉडवर नाही, तीन जॉच्या चकाची स्वतःची चूक त्यात मिसळते. मग स्पिंडल बेअरिंगचा प्ले, डायल चकावर टेकवून चक वर-खाली लाकडी दांड्याने उचकटून बघा.

शेवटची टेस्ट म्हणजे चकात साधारण २५ एमएमचा रॉड १०० ते १२० एमएम बाहेर काढून पकडा, मधला भाग थोडा खाली घ्या, दोन टोकांना दोन कॉलर ठेवा आणि एकाच सेटिंगवर बारीक कट मारून दोन्ही कॉलर मायक्रोमीटरने मोजा. फरक आला तो तुमच्या लेथचा टेपर. सीएनसी लावल्यावर तो तसाच राहणार आहे, मोटरला काय माहीत बेड कुठे खाल्लाय. (प्रोग्रॅममध्ये तो काढता येतो का, हे प्रश्न १४ मध्ये.)

४. आहे त्याच स्क्रूवर मोटर लावली तर बॅकलॅशचं काय? सॉफ्टवेअरमध्ये कॉम्पेन्सेशन असतं ना?

असतं, आणि ते वाटतं तितकं कामाचं नसतं. बॅकलॅश म्हणजे स्क्रू आणि नटमधला प्ले, दिशा बदलली की तेवढा स्क्रू रिकामा फिरतो. कॉम्पेन्सेशन काय करतं तर दिशा बदलली की ठरलेला आकडा जास्त फिरवतं. पण स्क्रू सगळीकडे सारखा झिजलेला नसतो, मधल्या भागात प्ले ०.२०, टोकाला ०.०८, मग कुठला आकडा टाकणार?

तरी घाबरून जाऊ नका. साधं टर्निंग करताना फिनिश कटला टूल नेहमी बाहेरून आत येतं, म्हणजे प्ले नेहमी एकाच बाजूला घेतलेला असतो, हाताने काम करताना आपण हेच करतो की, जास्त आत गेलं तर पूर्ण मागे घेऊन परत पुढे येतो. त्यामुळे स्टेप असलेली शाफ्ट, बुश, वॉशर ही कामं अॅक्मे स्क्रूवरही (लेथचा नेहमीचा साधा स्क्रू) चांगली निघतात. त्रास होतो तो गोलाईत. बॉल हँडल किंवा डमरूसारखा प्रोफाइल कापताना एक्स आधी बाहेर येतो आणि मग आत जातो, जिथे दिशा बदलते नेमकी तिथेच जॉबवर एक रेघ दिसते, नखाला लागते, आणि पॉलिश पेपरने ती जात नाही.

प्रोफाइलची कामं करायची असतील तर निदान एक्सला तरी बॉलस्क्रू टाका. जागा कमी असते म्हणून छोट्या लेथला १२ एमएम व्यास ४ एमएम पिचचा बसवतात, झेडला १६ एमएम व्यास ५ एमएम पिचचा. स्वस्तातले रोल केलेले बॉलस्क्रू सहसा सी७ ग्रेडचे असतात, म्हणजे ३०० एमएमला ०.०५ एमएमपर्यंत फरक चालतो, घरच्या कामाला भरपूर झाला. टोकं मशिन करून देणारा माणूस आधी शोधा, कारण स्क्रू कडक असतो आणि साध्या एचएसएस टूलला दाद देत नाही.

५. मोटर किती मोठी लागेल? नेमा २३ पुरेल का?

सात इंची मिनी लेथला, म्हणजे ४० किलोच्या आसपासचं जे टेबलावर बसतं, दोन्ही अॅक्सिसला नेमा २३ (नेमा हे मोटरच्या तोंडाचं माप, आकडा मोठा तशी मोटर मोठी) पुरते. साडेचार फुटी, सहा फुटी राजकोट नाहीतर बटाला लेथ असेल तर झेडला नेमा ३४ बघा, सॅडलच एवढं जड असतं.

फक्त होल्डिंग टॉर्कच्या आकड्यावर जाऊ नका. तो आकडा मोटर उभी असतानाचा, स्पीड वाढला की स्टेपरचा टॉर्क भराभर पडतो. म्हणून सप्लाय २४ व्होल्टवर चालवू नका, डीएम५४२ सारखा ड्रायव्हर आणि ३६ व्होल्ट सप्लाय घेतला तर तीच मोटर वेगळी वाटते. थोडे पैसे जास्त असतील तर क्लोज्ड लूप स्टेपर घ्या, साध्या स्टेपरने स्टेप सोडली तर ती सांगत नाही, गुपचूप चुकीच्या जागी जाऊन कापत राहते, क्लोज्ड लूपवाली निदान अलार्म देऊन थांबते. लेथवर हे महत्त्वाचं आहे कारण एक्सला ०.१ चुकलं की व्यासात ०.२ चुकतं.

६. सीएनसी अटॅचमेंटने आटे पाडता येतात का? विकणारा म्हणतो येतात, मित्र म्हणतो नाही.

दोघंही बरोबर असू शकतात, स्पिंडलवर एन्कोडर (स्पिंडल किती फिरला ते मोजणारा सेन्सर) आहे का यावर सगळं आहे.

आटे म्हणजे स्पिंडलच्या एका फेऱ्याला सॅडल बरोबर एक पिच सरकलं पाहिजे, आणि दर पासला टूल त्याच ठिकाणाहून घुसलं पाहिजे. साध्या लेथवर गिअर आणि हाफ नट हे काम करतात. सीएनसीत गिअर नाहीत म्हणून कंट्रोलरला स्पिंडल कुठे आहे ते कळावं लागतं. टायमिंग बेल्टने एकास एक जोडलेला एन्कोडर लावा, ज्यात फेरीला एकदा येणारा इंडेक्स पल्स पण असेल. हे असलं की एम१२ बाय १.७५ पाडा, अर्धा इंची बीएसपी (पाइपचे आटे) १४ टीपीआय (इंचाला १४ आटे) पाडा, लगेच पाव इंची १९ टीपीआय पाडा, एक गिअर बदलायचा नाही. १.५ एमएमच्या लीडस्क्रूवर १९ टीपीआयसाठी गिअर जुळवत बसलेल्या माणसाला याची किंमत विचारा. पाइपचे टेपर आटे, १६ ला १ वाले, तेही निघतात आणि दोन स्टार्टचे आटे पण.

काही कंट्रोलर फेरीला एकच पल्स घेतात आणि मधला स्पीड अंदाजाने धरतात. स्पिंडल मजबूत असेल तर चालून जातं. पण मिनी लेथच्या डीसी मोटरला कमी आरपीएमवर दम नसतो, कट लागला की ती बसते, आणि कंट्रोलरला वाटतं स्पीड तोच आहे, मग पिच वाकडा. नट सुरुवातीला दोन फेरे जातो आणि अडकतो, ही त्याची खूण.

स्पीडचं गणित पण करून बघा. ५०० आरपीएमवर १.५ एमएम पिच म्हणजे सॅडल मिनिटाला ७५० एमएम पळणार. ५ एमएम पिचच्या बॉलस्क्रूला मोटर १५० आरपीएमवर फिरते, आरामात. पण तीच मोटर जुन्या १.५ एमएमच्या लीडस्क्रूला थेट लावली तर तिला ५०० आरपीएमवर फिरायचंय आणि तिथे टॉर्क किती उरतो ते प्रश्न ५ मध्ये सांगितलंय. मग स्पिंडल २०० वर आणा, आटे काय स्पीडने पाडायची शर्यत नाहीये.

७. कंट्रोलर कुठला घेऊ? जीआरबीएल स्वस्त आहे.

स्वस्त आहे (छोट्या बोर्डवर चालणारं फुकट कंट्रोल सॉफ्टवेअर) आणि राउटरला, लेझरला उत्तम आहे. पण आर्डुइनो उनोवरचं साधं जीआरबीएल स्पिंडलशी सिंक होत नाही, म्हणजे आटे नाहीत. त्याचाच पुढचा भाऊ जीआरबीएलहॅल मोठ्या बोर्डांवर चालतो आणि काही बोर्डांवर त्यात थ्रेडिंग आहे, बोर्ड घेण्याआधी एन्कोडरचं इनपुट आहे का बघा.

लिनक्ससीएनसी फुकट आहे, त्याचं मूळ अमेरिकेच्या सरकारी मानक संस्थेच्या प्रोजेक्टमध्ये आहे, आणि लेथसाठी ते सगळ्यात पुढे आहे असं माझं स्पष्ट मत. एन्कोडर, थ्रेडिंग सायकल, कॉन्स्टंट सरफेस स्पीड, रिजिड टॅपिंग सगळं. शिकायला डोकेदुखी, सेटअप फाइल वाचून पहिल्या दिवशी माणूस पळून जातो, पण एकदा बसलं की बसलं. माक३ अजून खूप जणांकडे आहे, पॅरलल पोर्टवर चालवणार असाल तर ३२ बिट विंडोजवालं जुनं पीसी लागेल, ६४ बिटवर पॅरलल पोर्टचा ड्रायव्हर चालत नाही. चिनी हातात धरायचे ऑफलाइन लेथ कंट्रोलर पण मिळतात, स्क्रीन आणि बटणं असलेले, पीसी नको असेल त्याला ठीक, मॅन्युअलचं इंग्रजी मात्र देवाला पण कळणार नाही.

८. मी कंपनीत फॅनकवर ऑपरेटर आहे, प्रोग्रॅमिंग येतं. इथे तेच चालेल ना?

विचार तोच, कोड तोच नाही, आणि जो थोडासा फरक आहे तोच टूल फोडतो. फॅनकच्या (कारखान्यातल्या मशीनवरचा जपानी कंट्रोलर) लेथवर जी९२ म्हणजे थ्रेडिंग सायकल. लिनक्ससीएनसीत जी९२ म्हणजे झिरो सरकवणं! फॅनकवर तुम्ही यू आणि डब्ल्यू इन्क्रिमेंटल म्हणून लिहिता, इथे ती वेगळ्या अॅक्सिसची नावं आहेत. जी९८, जी९९ ने तिकडे फीड मिनिटाला की फेरीला ते ठरतं, इथे त्यासाठी जी९४ आणि जी९५. जी७६ दोन्हीकडे आहे पण पॅरामीटर लिहायची पद्धत वेगळी. त्यामुळे कंपनीतला प्रोग्रॅम पेनड्राइव्हवर आणून थेट चालवू नका, आधी हवेत, जॉबशिवाय.

आणि व्यास-त्रिज्येचा घोळ. कंपनीत एक्स म्हणजे व्यास हे इतकं अंगवळणी पडलेलं असतं की प्रश्नच येत नाही. हॉबी कंट्रोलर त्रिज्येवर सेट असू शकतो, लिनक्ससीएनसीत जी७ व्यास आणि जी८ त्रिज्या. २० एमएमचा व्यास मागितला आणि जॉब ४० चा राहिला, किंवा उलटं, २ एमएमचा कट दिला आणि मशीनने ४ घेतला, तर पहिलं हेच बघा.

ज्यांना प्रोग्रॅमिंग अजिबात येत नाही त्यांनी घाबरायचं कारण नाही. लेथ म्हणजे दोनच अॅक्सिस, साधी स्टेप शाफ्ट वीसेक ओळींत हाताने लिहून होते. कॅम सॉफ्टवेअर (ड्रॉइंगवरून प्रोग्रॅम बनवणारं) नंतर बघू.

९. मग डीआरओ किंवा इलेक्ट्रॉनिक लीडस्क्रूवर भागेल का?

भरपूर जणांचं भागतं. डीआरओत काचेच्या स्केलने स्लाइडची खरी जागा दिसते, ५ मायक्रॉनच्या पायरीत, स्क्रूला प्ले कितीही असो, कारण स्केल स्क्रू मोजतच नाही, स्लाइड मोजतं. प्रश्न ४ मधली निम्मी कटकट इथे संपते. तुम्ही हाताने काम करत राहता, फक्त डायलवर 'आता किती फेरे झाले' हे लक्षात ठेवायचं बंद.

इलेक्ट्रॉनिक लीडस्क्रू म्हणजे स्पिंडलला एन्कोडर, लीडस्क्रूला एक मोटर, मधे छोटा कंट्रोलर. गिअर ट्रेन गेली, बटण दाबून पिच निवडायचा, टीपीआय असो की मेट्रिक. एक्स हातातच राहतो. लेथला फार भोकं पाडावी लागत नाहीत आणि परत जुनं बसवायचं म्हटलं तर अर्ध्या दिवसात होतं.

दोन्ही मिळून पूर्ण कन्व्हर्जनपेक्षा स्वस्त पडतात आणि एक नगाच्या कामाला जास्त उपयोगी. फक्त यात गोलाई आणि प्रोफाइल आपोआप निघत नाहीत, आणि शंभर नग सारखे काढायचे तर हात तुमचेच दुखणार.

१०. सीएनसी लावल्यावर हाताने पण चालवता येईल ना? हँडल ठेवायचे आहेत.

अॅक्मे स्क्रूवर मोटर लावली असेल तर हँडल ठेवता येतात, ड्रायव्हर डिसेबल करून फिरवा. पण मशीन ऑटोवर असताना ते हँडल फिरतं, शर्टाची बाही त्यात गेली की काय होतं ते सांगायला नको, घडी घालता येणारा दांडा असलेलं हँडल लावा.

बॉलस्क्रूला हे जमत नाही. अॅक्मे स्क्रू स्वतः लॉक होतो, बॉलस्क्रू होत नाही. मोटरची पॉवर काढली की क्रॉस स्लाइड कटच्या दाबाने मागे ढकलली जाते. म्हणून बॉलस्क्रू टाकल्यावर 'हाताने' म्हणजे इलेक्ट्रॉनिक हँडव्हील, फेरीला १०० पल्सवालं, एका क्लिकला ०.०१. बऱ्याच जुन्या हातांना ते आवडत नाही कारण कटचा दाब हाताला जाणवत नाही, टूल बोथट झालंय हे कानाने नाहीतर चिपच्या रंगाने ओळखावं लागतं. मला हा मुद्दा पैशापेक्षा मोठा वाटतो.

११. पैसे वसूल कसे होतील? जॉबवर्क घ्यायचा विचार आहे.

आकडे तुमचे टाका, पद्धत अशी. समजा पितळी बुशचे २०० नग. हाताने नगाला ५ मिनिटं धरली तर १००० मिनिटं, म्हणजे सोळा-सतरा तास. अटॅचमेंटवर २ मिनिटांची सायकल आणि अर्धं मिनिट जॉब बांधायला-सोडायला, म्हणजे ५०० मिनिटं, वर प्रोग्रॅम आणि सेटिंगचा एक-दोन तास. निम्म्याहून थोड्या जास्त वेळात काम. आता तेच ५ नगांना करून बघा, सेटिंगच जास्त होतं.

आणि एक गोष्ट लोक विसरतात, चक हातानेच आवळायचाय. ऑटो चक नाही, बार फीडर नाही, टरेट नाही, ड्रिल टेलस्टॉकला असेल तर तेही हातानेच. तुम्ही मशीनपाशी उभेच आहात. गँग टूलिंग केलं, म्हणजे क्रॉस स्लाइडवर तीन-चार टूल आणि ड्रिल ओळीत बसवले, तर छोट्या जॉबला खूप फरक पडतो.

भोसरी, शिरोली, सातपूरला ज्यांच्याकडे मोठे टर्निंग सेंटर आहेत त्यांच्याशी रेटमध्ये भिडू नका, ते नगाला सेकंदात मोजतात. पण त्यांना २०-३० नगांची ऑर्डर नको असते, सेटिंगच परवडत नाही. तुमची जागा तिथे आहे.

१२. घरच्या सिंगल फेजवर चालेल का? ईएलसीबी सारखा पडतो.

चालतं. थ्री फेज मोटर असेल तर २३० व्होल्ट सिंगल फेज इनपुटची व्हीएफडी (सिंगल फेजवरून थ्री फेज मोटर चालवणारा ड्राइव्ह) लावा आणि मोटर डेल्टात जोडा, पण आधी नेमप्लेट बघा, डेल्टाला २३० लिहिलेलं असलं पाहिजे, ४१५ असेल तर दम मिळणार नाही.

ईएलसीबी (अर्थला करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) पडतो कारण व्हीएफडी आणि एसएमपीएसमधले फिल्टर थोडा करंट अर्थमध्ये सोडतात, तीन-चार उपकरणांचा मिळून ३० मिलिअँपच्या जवळ गेला की ट्रिप. वायरमन बायपास करून देतो म्हणेल, करू देऊ नका. मशीनला वेगळी लाइन, वेगळा योग्य टाइपचा आरसीसीबी (ईएलसीबीचंच काम करणारा) आणि अर्थिंग खरोखर तपासून घ्या. एन्कोडरची शील्डेड केबल मोटरच्या केबलपासून लांब न्या, नाहीतर आटे मधेच घसरतील आणि तुम्ही सॉफ्टवेअरला शिव्या घालत बसाल.

लाइट जाण्याचं म्हणाल तर स्टेपर जागेवर थांबतो पण स्पिंडल जडत्वाने फिरत राहतो, आटे पाडताना असं झालं तर तो जॉब गेला. कंट्रोलरला छोटा यूपीएस असला तरी मोटरला नाही, त्यामुळे लाइट आल्यावर परत झिरो घ्या, स्क्रीनवरच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका.

जॉबवर्क घेणार असाल तर घरगुती मीटरवर धंदा चालवू नका. वीज कायदा २००३ च्या कलम १२६ मध्ये ज्या कामासाठी कनेक्शन नाही त्या कामाला वीज वापरली तर लागू दराच्या दुप्पट आकारणी होते. हौसेच्या कामाचा प्रश्न नाही, बिलं फाडायला लागलात की वेगळं कनेक्शन घ्या.

१३. चिप, कूलंट, पावसाळा, घरात लहान मुलं... याचं काय करता?

हाताने काम करताना लांब चिप निघाली की आपण फीड थांबवून तोडतो. प्रोग्रॅमला ती दिसत नाही, ती चकाला गुंडाळते आणि चाबकासारखी फिरते. फीड वाढवा, चिपब्रेकरवालं इन्सर्ट वापरा, आणि समोर पॉलिकार्बोनेटचं कव्हर हवंच. इमर्जन्सी स्विच असा लावा की तो दाबल्यावर ड्रायव्हर आणि स्पिंडल दोन्हीची पॉवर तुटेल, फक्त कंट्रोलरला सिग्नल देणारा नको. हातमोजे घालायचे नाहीत. मुलं असतील तर किल्लीचा मेन स्विच.

कोकणात, गोव्यात जूनपासून बॉलस्क्रूला एका रात्रीत तांबूस छटा येते, पाण्याचं कूलंट वापरून तसंच सोडलं तर नक्कीच. काम संपलं की पुसून ६८ नंबरचं स्लाइडवे ऑइल. घरगुती कामाला फ्लड कूलंटची गरज नाही, ब्रशने तेल पुरतं, अॅल्युमिनियमला थोडं रॉकेल लावतात तेही चालतं, पण ठिणगीपासून लांब.

१४. जॉब लांब असला की मधे जाड येतो किंवा टेपर येतो, प्रोग्रॅममध्ये उलटा टेपर देऊन काढता येईल?

येईल, पण कारण कळल्याशिवाय देऊ नका. टेपर बेडमुळे असेल (प्रश्न ३ ची कॉलर टेस्ट) तर तो दर वेळी तेवढाच येतो, म्हणून प्रोग्रॅममध्ये उलटा दिला की काम होतं. मी तरी आधी बेडचं लेव्हलिंग बघेन.

जॉब वाकत असेल तर गोष्ट वेगळी. बाहेर निघालेली लांबी दुप्पट झाली की त्याच दाबाला जॉब आठ पट वाकतो. कट बदलला, टूल थोडं बोथट झालं, मटेरियल एमएसवरून (माइल्ड स्टील) जास्त कडक ईएन८ स्टील झालं की वाकणं बदलतं, मग तुमचा उलटा टेपर चुकीचा. व्यासाच्या तीन-चार पटीपेक्षा जास्त बाहेर असेल तर सेंटर लावा. सेंटर लावून मधेच जाड येत असेल तर स्टेडी रेस्ट, आणि धारदार, छोट्या नोज रेडियसचं टूल.

मायक्रॉन किती मिळतील हे पण सगळे विचारतात, ते इथेच सांगतो. २०० स्टेपची मोटर, ८ मायक्रोस्टेप, ५ एमएम पिच म्हणजे एका स्टेपला ०.००३ एमएम, हा कागदावरचा आकडा. प्रत्यक्षात चांगल्या छोट्या लेथवर व्यासाला ०.०२ च्या आत नगामागे नग आले तर खूश राहा. बेअरिंगचं फिट हवं असेल तर शेवटचा कट मोजूनच.

१५. रेडीमेड छोटा सीएनसी घ्यावा की अटॅचमेंट?

लेथ आधीच नसेल तर अटॅचमेंटसाठी मुद्दाम लेथ घेऊ नका. पॉलिटेक्निक आणि इंजिनीअरिंग कॉलेजं जुनी ट्रेनर मशीनं भंगारात काढतात, एम्कोचं कॉम्पॅक्ट ५ सारखं १९८० च्या दशकातलं ऑस्ट्रियन मशीन असो की देशी ट्रेनर. कंट्रोलर मेलेला असतो म्हणून कुणी घेत नाही, पण बॉलस्क्रू, स्पिंडल, बेड ठीक असतात कारण पोरांनी त्यावर मेण आणि अॅल्युमिनियमच कापलेलं असतं. तुम्हाला नाहीतरी कंट्रोलर नवाच टाकायचाय. असं मिळालं तर कन्व्हर्जनचं निम्मं काम झालेलं घरी येतं. नवी कोरी चिनी छोटी सीएनसी घेताना ती उघडून दाखवा म्हणा, काहींत वरून पत्रा सीएनसीचा आणि आत तोच मिनी लेथ असतो.

१६. सर, माझं काम पंपाच्या शाफ्ट, ट्रॅक्टरचे पिन, जुने आटे परत साफ करणं असं आहे. खराब झालेल्या आट्यात टूल परत बसवता येतं का सीएनसीवर?

साध्या लेथवर हे सोपं आहे. हाफ नट लावून ठेवायचा, स्पिंडल हाताने थोडा पुढे फिरवून प्ले काढायचा, मग कंपाउंड आणि क्रॉस स्लाइड हलवून टूलचं टोक जुन्या आट्याच्या खोबणीत आणायचं, आणि कट सुरू.

सीएनसीत कंट्रोलरला तुमचे जुने आटे कुठून सुरू झाले ते माहीत नसतं. त्याला फक्त इंडेक्स पल्स माहीत. मग करायचं असं की प्रोग्रॅम जॉबपासून एक्स लांब ठेवून, हवेतच, कमी आरपीएमला चालवायचा, टूलचं टोक आट्याच्या मानाने किती पुढे-मागे पडतंय ते भिंग लावून बघायचं, तेवढा झेड ऑफसेट द्यायचा, परत हवेत, असं दोन-चार वेळा. ऑफसेट एका पिचपेक्षा जास्त कधीच लागत नाही. मग एक्स हळूहळू आत, पहिल्यांदा मार्कर पेनने आटे काळे करून, टूलने दोन्ही बाजूंचा रंग सारखा खरवडला की जुळलं. जॉब चकातून हलला की सगळं परत पहिल्यापासून. होतं, पण ग्राहक दारात पंपाची शाफ्ट घेऊन उभा असताना हे करायला नको वाटतं.

असलं काम रोजचं असेल तर अटॅचमेंट दुसऱ्या लेथला लावा, किंवा प्रश्न १ मधली उतरवता येणारी घ्या. हाफ नट आणि गिअर असलेला लेथ मोडू नका.